चिनी बादशाही फौजेचे चिटुकले प्लास्टिक शिपाई जमवायचेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी आलेला माणूस कपाटासमोर थांबतो आणि तेच तेच प्रश्न विचारतो, आणि या नादाला नव्याने लागलेले लोक पण तेच विचारतात, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवलं तसं.

हे नक्की काय आहे? खेळणी का?

हो, खेळणीच म्हणा, मला राग येत नाही. आपण लहानपणी दिवाळीत किल्ला करायचो आणि त्यावर मातीचे मावळे उभे करायचो, कुणाचा भाला तुटलेला, कुणाचं नाक गेलेलं, तसलंच हे, फक्त मावळ्यांच्या जागी छिंग राजवटीचे (१६४४ ते १९१२) शेवटच्या सत्तर-ऐंशी वर्षांतले शिपाई. माप १/७२, म्हणजे पावणेसहा फुटी माणूस साधारण २४ मिलिमीटरचा होतो, करंगळीच्या पेराएवढा. दुसरं माप ५४ मिलिमीटरचं, ते १/३२ च्या आसपास जातं. माझ्याकडे दोन्ही आहेत पण जीव लहानांवर, कारण एका जेवणाच्या ताटात अख्खी लढाई मावते.

एवढं सगळं सोडून चीनच का?

नेपोलियन आणि दुसरं महायुद्ध सगळेच जमवतात. इथे एकाच फौजेत धनुष्यबाणवाला, तोड्याची (जळत्या वातीने उडणारी) बंदूकवाला आणि जर्मन माउझर रायफलवाला शेजारी शेजारी उभे राहतात, आणि तिघेही खरे. असं दुसरीकडे फार कमी मिळतं.

छिन आणि छिंग एकच ना?

नाही नाही नाही. हा प्रश्न पहिल्या नंबरवर घ्यायला हवा होता. छिन म्हणजे इसवी सनापूर्वी २२१ ते २०६, तो पहिला सम्राट आणि त्याचे मातीचे सैनिक. छिंग म्हणजे उत्तरेकडून आलेल्या मांचू लोकांची, चीनची शेवटची राजवट. मधे जवळपास दोन हजार वर्षं! पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये फरक शेवटच्या एका अक्षराचा, त्यामुळे ऑर्डर करताना डोळे उघडे ठेवा. मी ठेवले नव्हते. महिनाभर वाट बघितली, डबा फोडला तर आत डोक्यावर अंबाडा घातलेले टेराकोटावाले. तैवानच्या सीझर मिनिएचर्सचा तो संच, काम सुंदर आहे त्यांचं, चूक शंभर टक्के माझी. ते शिपाई अजून आहेत, वेगळ्या फळीवर.

डबा कुठला घ्यावा? सुरुवात कुठून करू?

डब्याआधी साल ठरवा. माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हाच आहे आणि बहुतेक लोक नेमका तोच ऐकत नाहीत. "छिंगची फौज" अशी एक फौज कधी नव्हतीच. १८४० चा शिपाई, १८६० चा, १८९४ चा, १९०० चा आणि १९११ चा, हे पाच वेगळे प्राणी आहेत. थोडक्यात सांगायचा प्रयत्न करतो, थोडक्यात राहणार नाही.

सुरुवातीला आठ झेंड्यांची फौज, मांचूंचा सरदार नुरहाची याने उभी केलेली, १६०१ ला चार झेंडे आणि १६१५ ला आठ. पिवळा, पांढरा, लाल, निळा, आणि याच चारांना काठ लावून आणखी चार. त्यांच्या जोडीला हिरव्या झेंड्याची फौज, ही हान, म्हणजे बहुसंख्य चिनी लोकांची, एकोणिसाव्या शतकात कागदावर सहा लाखांच्या आसपास, पण हजेरीपटावरचे कितीजण खरे होते आणि कितीजण पगारापुरते ते देव जाणे. अफूच्या पहिल्या युद्धात (१८३९ ते ४२) हेच लढले.

मग राजवटीविरुद्ध ताइपिंग नावाचं मोठं बंड झालं, १८५० च्या सुमाराला पेटलं आणि १८६४ पर्यंत चाललं, १८५३ पासून नानजिंग त्यांची राजधानी. जुन्या फौजांच्याने ते आवरेना, तेव्हा त्सेंग ग्वोफान आणि ली होंगजांग या दोन दरबारी अधिकाऱ्यांनी, पहिल्याने हुनानमध्ये आणि दुसऱ्याने आन्ह्वेमध्ये, स्वतःच्या प्रांतातली माणसं गोळा करून नव्या फौजा काढल्या, श्यांग फौज आणि ह्वाइ फौज. गाववाले, भाऊबंद, ओळखीपाळखीतले. इथून पुढे फौज बादशहाची कमी आणि सरदाराची जास्त झाली, आणि कपडे पण ज्याचे त्याने शिवले.

१८९४-९५ ला जपानने बेदम हरवलं. मग १८९५ मध्ये तिएनजिनजवळ श्याओझान इथे युआन शिकाय या अधिकाऱ्याने जर्मन धर्तीवर नवीन पलटणी शिकवायला घेतल्या. १८९८-९९ मध्ये दरबारातला बडा सरदार रोंगलू याच्या हाताखाली वूवेइ नावाने पाच तुकड्या बांधल्या गेल्या, त्यातलीच एक युआनची. १९०० चं बॉक्सर बंड, म्हणजे परदेशी लोकांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव, आलं तेव्हा नवे-जुने सगळे एकाच मैदानात होते.

म्हणून प्लास्टिकमध्ये सुरुवात करायची तर १९०० पासून करा, कारण माल तिथे मिळतो. युक्रेनच्या रेडबॉक्सने १/७२ मध्ये बॉक्सर बंडावर मालिकाच काढली, त्यात बॉक्सर आहेत, बादशाही शिपाई आहेत आणि समोरचे परदेशी खलाशी पण आहेत. ५४ मिमी हवे असतील तर अमेरिकेच्या आर्मीज इन प्लास्टिकची बॉक्सर मालिका, एकाच रंगाच्या प्लास्टिकमध्ये ओतलेली, रंग आपण द्यायचा. ताइपिंगवाले हवे असतील तर प्लास्टिकमध्ये हाल आहेत, ते लोक बहुतेक २८ मिमीच्या धातूच्या पुतळ्यांकडे वळतात, नाहीतर थ्रीडी प्रिंट करून घेतात. आणि कुठलाही संच घ्यायच्या आधी प्लॅस्टिक सोल्जर रिव्ह्यू नावाची साइट बघा, प्रत्येक पोझचा फोटो आणि कपड्यांची चिरफाड असते.

डब्यावरच्या चित्रातले रंग बरोबर असतात का?

चित्र चित्रकाराने काढलेलं असतं, त्याला छान दिसायचं असतं.

मग बरोबर रंग कुठला?

इथे लोक घाबरतात आणि खरं तर इथेच मजा आहे. १८५० नंतरच्या प्रांतिक फौजांना सगळ्या देशाला एक असा गणवेश नव्हता. सरदार बदलला की अंगरख्याचा रंग बदलला, काठ बदलला. निळा अंगरखा लाल काठ, लाल अंगरखा काळा काठ, असं काहीही चालून जातं. मी एका तुकडीला एकच रंग देतो, पण पँटी मात्र मुद्दाम वेगवेगळ्या निळ्या छटांच्या, कारण सुती निळं कापड धुवून धुवून विटतं आणि दोन माणसांची विटायची पद्धत एक नसते. ब्रिटिश रेडकोटसारखं सगळं एकसारखं केलंत तर चकचकीत दिसेल पण खोटं वाटेल.

आठ झेंडेवाल्यांना मात्र नियम आहेत. काठ असलेल्या झेंड्यांमध्ये पिवळ्या, पांढऱ्या आणि निळ्याला लाल काठ, आणि लालला पांढरा. लाल झेंड्याला लाल काठ देऊन "दिसत का नाहीये" म्हणणारा एक मित्र आहे माझा, असो.

मोठा ड्रॅगनचा झेंडा लावायचाय? पिवळ्यावर निळा ड्रॅगन. १८८९ च्या आधी तो तिकोनी होता आणि त्यानंतर आयताकृती झाला, त्यामुळे १८७० च्या देखाव्यात आयताकृती झेंडा लावू नका.

छातीवर तो गोल कसला?

अंगरख्यावर पुढे आणि मागे पांढरट गोल आणि त्यात एक चिनी अक्षर. दोन अक्षरं नेहमी दिसतात. एकाचा उच्चार "पिंग" सारखा, अर्थ शिपाई, हे नियमित फौजेवाल्यांना. दुसरं "युंग", अर्थ शूर, हे नव्याने भरती केलेल्या प्रांतिक फौजांना. काही गोलांवर तुकडीचं नाव पण असायचं. म्हणजे गोल बघून माणूस कुठल्या फौजेतला ते कळतं, आणि आपण चुकीचं अक्षर काढलं तर ज्याला चिनी येतं त्यालाही लगेच कळतं.

१/७२ मध्ये हा गोल तीन-चार मिलिमीटरचा असतो. "युंग" काढायची माझी पद्धत: वर एक छोटीशी टोपी, मधे खिडकीसारखी चौकट, खाली नांगरासारखी वळलेली रेघ. ०.०५ चा काळा ड्रॉइंग पेन, ब्रश नाही. दहावा शिपाई होईपर्यंत हात बसतो. आणि गोल आधी पांढरा नका करू, फिकट क्रीम करा, पांढरा फार ओरडतो.

सगळ्यांना वेणी पाहिजेच का?

बादशहाच्या माणसाला पाहिजेच. कपाळाकडचं डोकं तासलेलं आणि मागे वेणी, १६४५ च्या हुकुमापासून हान पुरुषांवर ही सक्ती होती आणि न मानणाऱ्याचं डोकंच जायचं. लढताना वेणी मानेभोवती किंवा डोक्याभोवती गुंडाळून वर काळं मुंडासं बांधायचे, त्यामुळे एखाद्या पुतळ्याच्या पाठीवर वेणी दिसत नसली तर लगेच कंपनीला शिव्या घालू नका, आधी मुंडासं बघा. ताइपिंगवाल्यांनी उलट केलं, डोकं तासायचं बंद आणि केस मोकळे वाढवले, म्हणून सरकारी लोक त्यांना "लांब केसवाले" म्हणायचे. साध्या शिपायाचा ताइपिंग करायचा असेल तर हिरव्या पुट्टीने वेणीच्या जागी केस भरा आणि कपाळावर रंगवा, पाच मिनिटांचं काम.

खिळेवालं चिलखत घातलेले शिपाई १९०० मध्ये चालतील?

नाही. ते कापडी चिलखत, वर गोल खिळे आणि डोक्यावर तुरेवालं शिरस्त्राण, फार देखणं असतं आणि म्हणूनच प्रत्येकाला हवं असतं. एकोणिसाव्या शतकात ते संचलन आणि दरबारापुरतं उरलं होतं. सतराव्या शतकाच्या देखाव्यात खुशाल लावा.

वाघाच्या कपड्यातले ते कोण? चेष्टा आहे का?

अजिबात नाही, माझे सगळ्यात लाडके. अंगावर वाघाचे पट्टे, डोक्यावर कान असलेली टोपी, हातात वेताची गोल ढाल आणि तिच्यावर वाघाचा चेहरा, दुसऱ्या हातात तलवार. समोरच्याचे घोडे बुजावेत हा हेतू. १७९३ च्या मॅकार्टनीच्या ब्रिटिश वकिलातीबरोबर चीनला गेलेल्या चित्रकार विल्यम अलेक्झांडरने त्यांची चित्रं काढली आहेत, रंगवताना ती समोर ठेवा. वाघाचं प्रस्थ किती, तर मार्च १८४२ ला इंग्रजांकडून निंगपो शहर परत घ्यायचा हल्ला वाघाच्या वर्षात, वाघाच्या महिन्यात, वाघाच्या दिवशी, वाघाच्या प्रहरी असा मुहूर्त काढून केला. अरुंद गल्लीत इंग्रजांच्या तोफेसमोर माणसं अक्षरशः थरावर थर पडली. ते रंगवताना पट्टे काढायला मजा येते आणि मधेच ही गोष्ट आठवते.

दोन माणसं मिळून एक लांब बंदूक धरतात, ती काय?

इंग्रजीत जिंगाल म्हणतात, आणि हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या "जंजाळ" वरून उचलला, म्हणजे शब्द आपल्याकडचाच. माणसाहून लांब नळी, एकाच्या खांद्यावर टेकवायची आणि मागच्याने उडवायची. पुढच्याच्या कानाचं काय होत असेल! संचात असेल तर जोडी एकाच बेसवर चिकटवा, वेगळे ठेवलेत की नळी वाकते. १९०० पर्यंत ही वापरात होती, तिच्या शेजारी माउझर, मॅनलिखर आणि क्रुपच्या तोफा. हानयांगच्या कारखान्यात तर जर्मन १८८८ च्या रायफलीची नक्कल चीनमध्येच बनायला लागली होती.

बॉक्सर आणि बादशाही शिपाई शेजारी उभे करू का?

तारीख सांगा मग सांगतो. हे खरंच असं आहे. जून १९०० च्या सुरुवातीला जनरल न्ये शिचंगचे शिपाई रेल्वे वाचवायला बॉक्सरांवर गोळ्या झाडत होते. २१ जूनला दरबाराने परदेशी सत्तांविरुद्ध युद्ध पुकारलं आणि तोच न्ये तिएनजिनला परदेशी फौजांशी लढला, ९ जुलैला मारला गेला. त्यामुळे त्याची तुकडी आणि बॉक्सर एका बेसवर, खांद्याला खांदा लावून, मला पटत नाही. दोंग फूश्यांगचे गान्सू प्रांतातले मुस्लिम शिपाई मात्र बेजिंगमध्ये परदेशी वकिलातींना वेढा घालणाऱ्यांत होते (२० जून ते १४ ऑगस्ट, ५५ दिवस), तिथे बॉक्सरांबरोबर दाखवायला हरकत नाही. दक्षिणेच्या सुभेदारांनी तर युद्धाचा हुकूम सरळ बाजूला ठेवला, तिथल्या शिपायांना या देखाव्यात कामच नाही.

बॉक्सरांना गणवेश नव्हता, शेतकऱ्याचे रोजचे कपडे आणि वर लाल फडकं, लाल कमरपट्टा. त्यामुळे ते रंगवायला सगळ्यात सोपे. नवीन माणसाने हात यांच्यावर बसवावा.

अधिकारी कसा ओळखायचा?

छातीवर चौकोनी भरतकाम. लष्करी माणसाला प्राणी, मुलकी माणसाला पक्षी. दुसऱ्या दर्जाला सिंह, तिसऱ्याला बिबट्या, चौथ्याला वाघ, पाचव्याला अस्वल. १/७२ मध्ये प्राणी काढायच्या भानगडीत पडू नका, निळ्या चौकोनात एक पिवळा ठिपका पुरतो. टोपीवरच्या मण्याचा रंग मात्र द्या: पहिल्या दर्जाला माणिक, दुसऱ्याला पोवळं, तिसऱ्याला नीलम. मोरपीस असेल तर ते मानाचं, दरबाराने दिलेलं, सरसकट सगळ्यांना लावू नका.

आपल्या लोकांचा याच्याशी काय संबंध?

बराच, आणि सगळा अभिमानाचा नाही. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची, मुंबईतल्या कित्येक मोठ्या घराण्यांचा पैसा त्यातला, सर जमशेटजी जीजीभॉय यांचा पण. १८४२ चा नानजिंगचा तह ज्या जहाजावर झाला ते कॉर्नवॉलिस मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेलं, १८१३ चं, सागवानी.

आणि समोर लढणारे शिपाई पण इकडचेच. मे १८४१ मध्ये कँटनजवळ सानयुआनलीला ३७ व्या मद्रास पलटणीची एक कंपनी पावसात भातशेतात अडकली, चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) बंदुका भिजून उडेनात आणि भोवती भाले घेतलेले गावकरी. शेवटी नव्या, पावसातही उडणाऱ्या टोपीच्या बंदुका असलेले ब्रिटिश मरीन येऊन त्यांना घेऊन गेले. हा देखावा मी तीन वर्षं करतोय, चिखल जमत नाहीये. १९०० मध्ये बेजिंगला ७ वे राजपूत, पहिले शीख, २४ वे पंजाबी आणि पहिले बंगाल लान्सर्स होते. त्या राजपूत पलटणीतल्या गदाधर सिंहांनी "चीन में तेरह मास" म्हणून हिंदीत लिहून ठेवलंय, आणि चिनी माणसांची जी अवस्था केली त्याबद्दल त्यांना वाईट वाटल्याचं त्यात दिसतं. समोरची बाजू पण जमवायची असेल तर हे आधी वाचा.

रंग दिला आणि सोलून निघाला! काय करू?

धुतले नव्हते ना? मऊ शिपाई पॉलिथिनसारख्या प्लास्टिकचे असतात, त्याला आधीच काही चिकटत नाही आणि वर साच्याचं तेल. कोमट पाणी, भांड्याचं लिक्विड, जुना टूथब्रश, रात्रभर वाळवा. मग फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात द्या, सुकला की प्रायमर, मग अ‍ॅक्रिलिक, शेवटी मॅट वार्निश. ऑइलपेंट नको. कडक पॉलिस्टायरीनचे असतील तर फेविकॉलची पायरी सोडा.

शिवणीची रेघ पॉलिश पेपरने घासू नका, मऊ प्लास्टिकला लव येते, धारदार ब्लेडने काढा. हात तुटला तर प्लास्टिकवाला सिमेंट मऊवर चालतच नाही, आणि फेविक्विक धरतं पण धक्का लागला की सुटतं, म्हणून मी बारीक सुईने भोक पाडून तारेचा तुकडा आत घालतो.

भाले वाकलेत.

उकळतं नाही, चांगलं गरम पाणी, दहा सेकंद, सरळ करा, लगेच गार पाण्यात. तरी आठवड्यात परत वाकले तर भाला कापून टाका आणि झाडूचा हीर लावा. फुलझाडूचा नको, खराट्याचा.

१९११ ची नवी फौज (पाश्चात्य धर्तीवर शिकवलेली) मिळते का?

प्लास्टिकमध्ये जवळपास नाहीच. गडद निळा गणवेश, पुढे छज्जा असलेली टोपी, म्हणून रशिया-जपान युद्धाचे (१९०४-०५) जपानी शिपाई घेऊन रंगवतात आणि वेणी लावतात किंवा टोपीखाली लपवली असं म्हणतात. १० ऑक्टोबर १९११ ला वूचांगला राजवटीविरुद्ध उठाव झाला त्यानंतरचे असतील तर वेणी कापलेला पण चालेल, उलट एखादा कापताना दाखवा.

बाहेरून मागवताना कस्टम किती लागतं?

खेळणी म्हणून पकडलं तर बरंच. खेळण्यांवरची ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०, मागवायच्या दिवशीचा दर बघूनच हिशोब करा. "गिफ्ट" लिहून पाठवायची जुनी युक्ती डिसेंबर २०१९ पासून चालत नाही. माझं एक पार्सल तीन आठवडे अडकलं आणि आलं तेव्हा ड्यूटी आतल्या मालापेक्षा जास्त होती. आता मी परदेशातून कुणी येणार असेल तर त्याच्या बॅगेत दोन डबे बसवतो, डबा फोडून नुसत्या फ्रेम (शिपाई ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी) आणल्या की जागाही कमी लागते.

जुने संच स्वस्तात मिळतायत, घेऊ का?

एक शिपाई मागून घ्या आणि बंदुकीची नळी हलकेच वाकवून बघा. जुनं पॉलिथिन कधी कधी बिस्किटासारखं ठिसूळ होतं, उन्हात राहिलेलं असेल तर जास्तच. त्यावर इलाज नाही.

पावसाळ्यात काय करता?

शिपायांना काही होत नाही, पुठ्ठ्याचे डबे मात्र कोकणात दोन पावसाळेही काढत नाहीत. डब्याचं पुढचं चित्र कापून प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवतो, फ्रेम हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर. रंगवलेले काचेच्या कपाटात, खिडकीपासून लांब.

दिवाळीत किल्ल्यावर ठेवता का हे?

पुतणीने एकदा विचारलं, "काका, हे वाघवाले महाराजांचे का?" नाही म्हटलं. तिने तरी दोन वाघवाले तटावर ठेवलेच, दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना. पाचव्या दिवशी एक सापडला, दुसरा अळीवाच्या शेतात कुठेतरी आहे, किल्ला पाडताना मिळाला नाही. म्हणून आता बॉक्सर देतो, ते जास्त आहेत.